पुकाऱ्याचं काम

नायगाव, दादर (पूर्व)
५ फेब्रुवारी २०२५

आयु. कालिंदीताईस,
गौतमचा सप्रेम जय भीम. वि. वि.

परवा फोनवर जी गंमत झाली तिच्यानंतर ठरवलं, आता आपलं पत्रच बरं. मी इकडून माझं नाव सांगतोय आणि तू तिकडून कोण हवंय, कोण हवंय करतेस. शेवटी राँग नंबर म्हणून फोन ठेवून दिलास. दीपिका आधी हसली आणि मग उठून आत गेली. तुझा कान आणि माझा घसा, दोघांनी एकाच वर्षी दगा दिला. तुझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅप टेकडीवर चढल्याशिवाय चालत नाही, आणि माझ्या बोटांची टोकं केमोनंतर अजून बधिर आहेत. मोबाइलवर एक अक्षर दाबायला जावं तर तीन उमटतात. पेन मात्र धरता येतं.

बातमी अशी की डॉक्टरांनी कामावर जायची परवानगी दिली. सोमवारपासून कोर्टात. आमचे मोठे क्लार्कसाहेब भला माणूस आहे. म्हणाले, काही महिने रेकॉर्ड रूममध्ये बस, जुन्या फायली लावायच्या, शांत काम आहे. मी नको म्हटलं. ताई, नोकरीला लागल्यापासून मी कोर्टाच्या दारात उभं राहून पुकारा केलाय. आतून नाव आलं की बाहेर यायचं आणि तीनदा हाक मारायची. माणूस पॅसेजच्या टोकाला असो, जिन्यात असो, खाली चहा पीत असो, धावत यायचा. वकील म्हणायचे, गौतम ड्यूटीवर असला की माइक नको. ते सोडून फायलींची धूळ कशाला झाडत बसू?

तब्येत चांगली आहे. रेडिएशन धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी संपलं, त्यामुळे लोकांच्या हिशेबी मी तेव्हाच बरा झालो. वजन थोडं भरलंय. आवाज खरखरीत आहे, पण येतो. तोंड सारखं कोरडं पडतं, म्हणून पाण्याची बाटली जवळ ठेवतो. आकांक्षा कॉलेजातून घरी आली की आधी बाटली उचलून बघते, किती प्यालो. भाकरी अजून उतरत नाही, भात आणि पातळ आमटी चालते. दुपारी मात्र एकदम गळून जातो. झोप येते असं नाही. टाकीचं बूच कोणी काढावं तसं काहीतरी होतं. कामाला लागलो की जाईल.

दाजींना जय भीम सांग. रागावलीस तरी माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा भाऊ,
गौतम

मंडणगड
१४ फेब्रुवारी २०२५

चि. गौतमला,
ताईचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मनू पोस्टमनने ओट्यावर बसून, पाणी पिऊन, पाकिटावरचं अक्षर कोणाचं ते विचारून मग दिलं. फोनचं म्हणशील तर माझी चूक नाही. एवढ्या खरखरीत आवाजाचा माणूस माझ्या ओळखीत नव्हता. आता झाला. पुन्हा फोन केलास तर राँग नंबर म्हणणार नाही, पण तू करू नकोस, घशाला ताण पडतो.

मी मास्तरीण होते, त्यामुळे तुझं पत्र तपासूनच वाचलं. तब्येत चांगली आहे असं लिहून खाली चार तक्रारी लिहिल्यास. पोरं निबंधात असंच करायची.

तुझ्या आवाजाचं मला काय सांगतोस? बाबा मिलमधून यायचे तेव्हा मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान निकामी झालेले असायचे. बाबांपर्यंत पोचायचं म्हणून आपण सगळेच ओरडून बोलायला शिकलो. आई तर शेजाऱ्यांना वाटे रोज भांडते. पण तू सगळ्यांत वरचढ. चाळीच्या खालून तू मला हाक मारलीस की तिन्ही मजल्यांवरच्या बायका कठड्याशी यायच्या. तुला त्या दारातच उभं राहायचंय हे मला कळतं. पण डॉक्टरांनी कामाला जा म्हटलं म्हणजे पहिल्याच दिवशी सगळं कर असं म्हटलेलं नाही. क्लार्कसाहेब सांगतात ते ऐक. फायलींना हाक मारावी लागत नाही.

नाचणीचं सत्त्व पाठवते आहे. आपला रघु बुधवारी मुंबईला येतोय, तो दीपिकाकडे देईल. ताकात पातळ करून घे, गरम पिऊ नकोस. कोकम मुद्दाम पाठवत नाही, आंबट झोंबेल.

पहिल्या दिवशी काय झालं ते सविस्तर लिही. पत्र लांबलं तर बिघडत नाही, मला इथे दुसरं वाचायला काय आहे.

तुझी वाट बघणारी,
ताई

नायगाव
२ मार्च २०२५

आयु. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

सत्त्व मिळालं. छान उतरतं घशाखाली. रघु घर शोधता शोधता आधी पोलीस वसाहतीत गेला होता. तिथल्या लोकांनी त्याला चहा पाजून इकडे पाठवला.

कामावर रुजू झालो. पहिल्या दिवशी हार काय, पेढे काय. आमचा अजित, लालबागचा, माझ्या बरोबरीचा शिपाई, मी नव्हतो तेव्हा पुकारा त्यानेच सांभाळला. त्याने येताना पेढ्याचा अख्खा बॉक्स आणला. मी एक तोंडात धरून बसलो. कोरड्या तोंडात पेढा म्हणजे मातीचं ढेकूळ. तो बघत होता म्हणून पाण्याबरोबर गिळला. भेटेल तो दोनच गोष्टी विचारतो. तंबाखू खायचास का आणि कितवी स्टेज होती. मी तंबाखूला कधी हात लावला नाही हे सांगितलं की लोकांना जरा वाईट वाटतं. तंबाखू असती तर त्यांना स्वतःपुरतं बरं वाटलं असतं, असं मला वाटतं.

तुझ्या सल्ल्याप्रमाणे रेकॉर्ड रूम घेतली आहे. मी स्वतःच मागून घेतली. तिथे शांत आहे, खिडकीतून झाड दिसतं, कोणी बोलायला लावत नाही. अजित पुकारा चांगला करतो. जरा ओढून बोलतो, पण चालतं.

आकांक्षाचे प्रॅक्टिकल सुरू आहेत. दीपिकाच्या बालवाडीत गॅदरिंगची गडबड आहे. बाकी सर्व ठीक.

असाच लोभ ठेव आणि उगाच काळजी करू नकोस.

तुझा,
गौतम

नायगाव
११ मार्च २०२५

आयु. ताईंना,
दीपिकाचा सविनय जय भीम. वि. वि.

ताई, मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, लग्नाआधीचं एक सोडून. ह्यांना न सांगता लिहिते आहे. ह्यांनी तुम्हाला काय कळवलं ते मला माहीत नाही, पण रेकॉर्ड रूमचं कारण कळवलं नसणार. मलाही ह्यांनी सांगितलं नाही. अजितभाऊ घरी येऊन सांगून गेले.

पहिले काही दिवस हे दारातच उभे राहिले. सकाळी आवाज जरा बरा असतो, तेव्हा निभावलं. मग एक दिवस कमलाबाई म्हणून एका बाईंची तारीख होती. भाजी विकतात, जागेवरून दुसऱ्या बाईशी भांडण झालं होतं, त्याची जुनी केस. गुडघे दुखतात म्हणून त्या पॅसेजच्या पार टोकाच्या बाकावर बसल्या होत्या. ह्यांनी दारातून तीनदा नाव घेतलं. बाईंना ऐकू गेलं नाही. वकील आला नव्हता. आरोपी गैरहजर म्हणून वॉरंट निघालं, आणि बाई तिथेच बाकावर बसून होत्या.

जेवायच्या सुट्टीत त्यांनी अजितभाऊंना विचारलं, माझा नंबर कधी येणार? वॉरंट निघालं हे ऐकल्यावर त्या खाली फरशीवरच बसल्या. अजितभाऊंनी त्यांना सुट्टीनंतर आत नेलं, मॅजिस्ट्रेट मॅडमनी लगेच रद्द केलं, त्यामुळे पुढे काही झालं नाही. पण बाहेर आल्यावर त्या ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही हाक मारली होती का?” ह्यांनी मानेनेच हो म्हटलं. त्या म्हणाल्या, “मग माझेच कान गेले.”

हे त्यांना म्हणाले की कान नाही गेले बाई, माझा आवाज गेलाय. तेसुद्धा त्यांना ऐकू आलं नाही. त्या म्हणाल्या, काय म्हणता? तेव्हा शेजारी उभ्या अजितभाऊंनी मोठ्याने सांगितलं, तो म्हणतोय त्याचा आवाज गेलाय. सगळा पॅसेज वळून बघायला लागला. अजितभाऊ मला हे सांगताना रडले. म्हणाले, वहिनी, माझ्या तोंडून कसं निघून गेलं कळलं नाही.

त्याच दिवशी ह्यांनी रेकॉर्ड रूम मागितली. तिथल्या धुळीने खोकला वाढलाय. घरी आले की भिंतीला टेकून बसतात. पाणी हवं असेल तर ग्लास दाखवतात. आवाजाच्या व्यायामाला हॉस्पिटलमध्ये मॅडमकडे जायचं असतं, तिथे जाणं बंद केलंय. आकांक्षाला मोबाइलमध्ये ह्यांचा जुना पुकारा रेकॉर्ड केलेला सापडला, तिने तो हौसेने लावला. हे उठून गॅलरीत गेले. पोरीने मोबाइल उलटा ठेवून दिला.

मी काय करू ते मला कळत नाही. बरे झाले असं सगळे म्हणतात, रिपोर्टही चांगले आहेत, मग मी कोणाकडे काय तक्रार करू? तुम्ही मोठ्या आहात. तुमचं ऐकतील.

तुमच्या मायेवर भरवसा ठेवून लिहिलं, चुकलं असेल तर समजून घ्या.

आपली,
दीपिका

मंडणगड
२० मार्च २०२५

चि. गौतमला,
आशीर्वाद.

दीपिकाचं पत्र आलं. तिच्यावर रागवायचं नाही. रागवायचं तर माझ्यावर रागव, मला सवय आहे.

मी सरळ लिहिते. नोकरी सोड. आजारपणामुळे लवकर पेन्शन घेता येते, मी इथल्या एकांना विचारून घेतलंय. घर मोकळं आहे, दाजी आणि मी दोघंच असतो. आकांक्षाचं शिक्षण होईपर्यंत दीपिका तिथे राहील, तू इथे ये. हवा चांगली, भात मऊ, बोलायची सक्ती नाही. मला तसंही ऐकू येत नाही.

तू लहान होतास, तुला आठवत नसेल. संप मोडल्यानंतरही बाबा रोज सकाळी डबा घेऊन मिलच्या गेटवर जायचे. गेट बंद. तिथे उभे राहायचे, ओळखीच्या लोकांशी बोलायचे, दुपारी घरी यायचे. आई डबा उघडायची तर तो तसाच भरलेला. त्यांना कोणी सांगू शकलं नाही की आता नका जाऊ. मी मोठी होते, मलाही जमलं नाही. तुला त्या गेटवर उभा बघायची माझी तयारी नाही.

विचार कर. लगेच उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण दिलंस तर खरं दे.

तुझी,
ताई

नायगाव
१८ एप्रिल २०२५

आयु. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून राग आला. म्हणून उशीर केला. राग शांत झाला की लिहावं म्हटलं, पण तो पूर्ण गेलेला नाही, तसाच लिहितोय.

बाबांचं गेट बंद होतं. माझं कोर्ट उघडं आहे, हा फरक तू धरला नाहीस. मला पेन्शन नको. घरात मी असलो की सगळे हळू बोलतात. टीव्हीचा आवाज कमी करतात, जसं काही मला ऐकू जास्त येतं. खाली समोरची चाळ पाडायचं काम चाललंय, दिवसभर दणदणाट, पण माझ्या खोलीत सगळे कुजबुजतात. कोर्टाच्या पॅसेजमध्ये असं नसतं. तिथे प्रत्येकाला स्वतःची काळजी असते. माझ्या घशाकडे बघायला कोणाला वेळ नाही. तिथे मी आजारी माणूस नसतो.

आता खरं सांगतो. परळच्या हॉस्पिटलमध्ये तपासणीसाठी हॉलमध्ये बसायचो, तेव्हा खिडकीतून नाव पुकारायचे. जन्मभर मी दुसऱ्यांची नावं घेतली, पण आपलं नाव येईल म्हणून बसणं काय असतं ते मला माहीत नव्हतं. लघवीला जायची भीती, नेमकं तेव्हाच नाव आलं तर. शेजारचा बोलला तर त्याचा राग यायचा. कान ताणून ताणून मान दुखायची, त्यात केमोमुळे कानात एक बारीक शिट्टी सारखी वाजत असते. एकदा माझं नाव दोनदा होऊन गेलं आणि मला कळलं नाही. तेव्हा एक सिस्टर उठून बाकांमधून फिरली, माझ्यासमोर येऊन वाकली आणि हळूच म्हणाली, गौतम तुम्हीच ना, चला. मी तिच्यामागून गेलो. मला रडू आलं होतं, तिला वाटलं दुखतंय.

कमलाबाईंच्या त्या प्रकारानंतर मला हे रोज आठवायचं. पण आठवून काय करणार, रेकॉर्ड रूममध्ये बसलो की अंगात त्राणच नसायचं. फायलींच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून पडायचो. मला वाटलं मन खचलं. दीपिकाने जबरदस्तीने हॉस्पिटलला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर थायरॉइड कमी निघालं. मानेवर रेडिएशन दिलं की पुष्कळांचं होतं म्हणाले. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी. जादू झाली नाही, पण दुपारचं ते बूच आता निम्मंच निघतं. पायाची बोटं अजून बधिर आहेत, चप्पल सुटलेली कळत नाही. आवाजाच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं की पूर्वीचा आवाज परत येणार नाही. आहे तो टिकवायचा. मी विचारलं, ओरडता येईल का? त्या म्हणाल्या, नाही. आजपर्यंत कोणी मला नाही म्हटलं नव्हतं, सगळे बघू म्हणत होते. ‘नाही’ ऐकल्यावर मोकळं वाटलं.

मग मी अजितला घेऊन मॅजिस्ट्रेट मॅडमकडे गेलो. त्यांना सांगितलं की पुकारा अजित करेल, कारण दारातून तीनदा नाव मोठ्याने घ्यायलाच लागतं. पण कोर्ट सुरू व्हायच्या आधी मी बाकांवरून फिरेन. कोणाची कुठली केस, कोण कुठे बसलंय, कोणाला कमी ऐकू येतं, कोणाला चालता येत नाही, ते बघून ठेवेन. नाव आलं की त्या माणसाजवळ जाऊन त्याला घेऊन येईन. दुपारनंतर मी रेकॉर्ड रूममध्ये, कारण तेवढा वेळ पाय साथ देत नाहीत. मॅडमनी बोर्ड, म्हणजे दिवसाच्या केसेसची यादी, चाळला, मग म्हणाल्या, करून बघा.

अजितला पुकारा दिला हे सोपं गेलं असं समजू नकोस. पहिल्या सकाळी त्याने माझ्या जागेवरून पहिलं नाव घेतलं तेव्हा मी जिन्यात जाऊन उभा राहिलो होतो. जयंतीच्या मिरवणुकीतही यंदा घोषणा पोरांनी दिल्या, मी नुसता चाललो. आकांक्षा माझ्या बाजूने चालत होती. मध्येच तिने माझ्याकडे बघून घोषणा दिली, जोरात, घसा फाटेपर्यंत. मी तिला पाण्याची बाटली दिली.

गावाला येईन, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत, पाहुणा म्हणून. राग मानू नकोस. मानलास तरी लिहीत राहा.

तुझा,
गौतम

मंडणगड
२९ एप्रिल २०२५

चि. गौतमला,
आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. दाजींनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरगा बरोबर बोलतोय, आणि मग माझ्याकडे बघून आपण म्हशीला पाणी दाखवायला जातो म्हणून निघून गेले.

बाबांचं मी काढायला नको होतं. पण भीती वाटली की माणूस जवळचं काहीतरी उदाहरण शोधतो. पेन्शनचं पुन्हा लिहिणार नाही. थायरॉइडची गोळी घेतल्यावर अर्धा तास चहा नाही, हे इथल्या नर्सबाईंनी सांगितलंय, पाळ.

पाहुणा म्हणून येतोस तर पाहुण्यासारखा ये, येताना दीपिका आणि आकांक्षाला घेऊन ये. भात मऊ करीन.

तुझी,
ताई

नायगाव
१६ नोव्हेंबर २०२५

आयु. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

सप्टेंबरातलं पत्र तू लांबलचक लिहिलंस आणि मी उत्तराला उशीर केला. कारण तसंच होतं. आता सगळं पार पडलंय, म्हणून बसून लिहितो.

आधी तब्येत, नाहीतर तू मधलं सगळं सोडून तेवढंच शोधशील. मागच्या आठवड्यात तपासणी झाली. नाकातून दुर्बीण घालून बघितलं. सगळं साफ आहे, पुन्हा फेब्रुवारीत बोलावलंय. तपासणीच्या आधीचा आठवडा घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही, ते तसंच चालू आहे. डॉक्टर म्हणाले, ती भीती हळूहळू कमी होईल. आता भाकरीचा पापुद्रा आमटीत भिजवून खातो. कानातली शिट्टी आहेच.

आता कोर्टाचं. आपल्या मॅडमची बदली झाली, हे तुला लिहिलं होतं. त्यांच्या जागी नवे साहेब आले. कडक माणूस, वेळेचे पक्के, हसताना कोणी बघितलेलं नाही. त्यांच्या कानावर कोणीतरी घातलं की एक शिपाई सकाळी बाकांवरून फिरतो आणि पक्षकारांच्या कानात कुजबुजतो. कोर्टात शिपाई पक्षकाराच्या कानात कुजबुजला म्हणजे लोक एकच अर्थ काढतात, तो तुलाही कळेल. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं.

सोमवारी बोर्ड सुरू व्हायच्या आधी साहेबांनी मला आत बोलावलं. चेंबरमध्ये नाही, भरल्या कोर्टात. वकील बसलेले, पोलीस उभे, मागे पक्षकार. त्यांनी विचारलं, तुम्ही बाहेर लोकांशी काय बोलता? अजित माझ्यामागून पुढे आला, बोलायला तोंड उघडलं. मी त्याचा हात धरून मागे केला. कसं सांगू तुला, त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही, एवढंच वाटलं की हे त्याच्या आवाजात जायला नको.

मी बोललो. साहेबांना ऐकू गेलं नाही. ते म्हणाले, मोठ्याने बोला. मी मान हलवून नाही म्हटलं. कोर्टात साहेबांना शिपायाने नाही म्हणायची पद्धत नाही, ताई. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. साहेबांनी क्लार्कला सांगितलं, पंखे बंद करा. पंखे थांबायला वेळ लागला. साहेब खुर्चीतून पुढे वाकले आणि म्हणाले, आता सांगा.

मी म्हणालो, “साहेब, माझा आवाज दारापर्यंत जातो, बाकांपर्यंत जात नाही. म्हणून मी चालत जातो.”

मग बाकीचं सांगितलं. आजार, कमलाबाई, वॉरंट, मॅडमची परवानगी. मध्ये दोनदा थांबून पाणी प्यालो. एवढं सलग मी आजारानंतर कोणाशीच बोललो नव्हतो, दीपिकाशीसुद्धा नाही. पूर्वी माझ्या आवाजाने कोर्ट शांत व्हायचं. त्या दिवशी माझा आवाज ऐकू यावा म्हणून झालं. पंखे नसल्याने सगळ्यांना घाम सुटला होता, पण कोणी पुटपुटलं नाही. एक वयस्कर वकीलबाई उठल्या आणि म्हणाल्या की गेल्या काही महिन्यांत त्यांची एकही पक्षकार बाई तारखेला चुकलेली नाही. साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं.

साहेब म्हणाले, काम चालू ठेवा, पण कानात बोलायचं नाही. शिपायाचा पट्टा लावून फिरा, समोर उभे राहा, सगळ्यांदेखत बोला. आणि अजूनही ऐकू गेलं नाही तर त्यांना जवळ यायला सांगा. एवढंच बोलून त्यांनी बोर्ड पुढे ओढला. शाबासकी नाही, चौकशी नाही. तब्येत कशी आहे हेही विचारलं नाही. मला ते बरं वाटलं.

पंखे पुन्हा सुरू झाले. पहिल्या केसचं नाव आलं. अजित दारात गेला आणि त्याने त्याच्या त्या ओढलेल्या सुरात हाक मारली. मी त्याच्या बाजूने बाहेर पडून बाकांकडे गेलो. एक म्हातारे गृहस्थ हातात पिशवी घट्ट धरून बसले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहून नाव विचारलं. ते म्हणाले, काय? मी हाताने जवळ या म्हटलं. ते पुढे झुकले.

दुपारी मात्र पार संपलो. रेकॉर्ड रूममध्ये खुर्चीतच डोळा लागला. साडेपाचला अजितने उठवलं आणि स्टेशनपर्यंत सोबत आला, तो उलट्या दिशेला राहतो तरी. वाटेत एकही शब्द बोलला नाही. लालबागचा माणूस, गप्प राहायला त्याला केवढे कष्ट पडले असतील.

दीपिका आणि आकांक्षाचा जय भीम. दाजींची म्हैस व्यायली का ते कळव. तुझ्या पत्रात मायेबरोबर थोडा ओरडाही येऊ दे. त्याची मला सवय आहे.

तुझा भाऊ,
गौतम